डोडो कुणी मारला?

आजचा विषय फलकावर वाचून काहींना वाटलं असेल, की इतिहासाच्या व्याख्यानमालेत हा पक्षी कुठून आला? तह, लढाया, राजे सोडून आज एका कबुतराची गोष्ट ऐकायची? तर हो, कबुतराचीच. डोडो हे कबुतरच होतं, त्याचा पुरावा पुढे येईल. पण हा विषय पक्षिशास्त्राचा जेवढा आहे तेवढाच इतिहासाचाही आहे. डोडोबद्दल आपल्याला जे कळतं त्यातलं बरंचसं जहाजांवरच्या रोजनिशींतून, कंपनीच्या पत्रव्यवहारातून, जुन्या चित्रांतून आणि उत्खननांतून कळतं. आणि आपला प्रश्नही इतिहासाचाच आहे: काय घडलं, कधी घडलं, कुणामुळे घडलं? आणि ते घडत असताना शेजारी उभ्या असलेल्या माणसांना दिसलं कसं नाही?

डोडो का संपला, असं कुणालाही विचारलं तर साधारण दोन उत्तरं मिळतात. एक, तो मूर्ख होता. माणूस जवळ आला तरी पळायचा नाही. दोन, डच खलाशांनी त्याला खाऊन संपवला. मीही अनेक वर्षं हेच सांगत होतो. आज ही दोन्ही उत्तरं आपण कागदपत्रांवर घासून बघू. माझं म्हणणं आधीच सांगून ठेवतो: पहिलं उत्तर साफ चुकीचं आहे, आणि दुसरं अर्धवट आहे. खरं उत्तर जास्त अस्वस्थ करणारं आहे.

बेट आणि त्यावरचा पक्षी

मॉरिशस हे हिंदी महासागरातलं, मादागास्करच्या पूर्वेला असलेलं बेट. क्षेत्रफळ सुमारे दोन हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याच्या निम्म्याहून थोडं जास्त. ज्वालामुखीतून समुद्रात वर आलेलं हे बेट कधीच कुठल्या खंडाला जोडलेलं नव्हतं. त्यामुळे तिथं काय पोचू शकलं? जे उडून आलं, तरंगत आलं किंवा वाऱ्यानं आणलं तेवढंच. सस्तन प्राण्यांत पोचली फक्त वटवाघळं. मांजर नाही, मुंगूस नाही, कोल्हा नाही, उंदीरसुद्धा नाही. पक्षी होते, सरडे होते, आणि प्रचंड मोठी कासवं होती.

अशा ठिकाणी फार पूर्वी आग्नेय आशियाच्या बाजूनं आलेल्या कबुतरांचे वंशज राहत होते. आता विचार करा, उडणं ही काही फुकटची गोष्ट नाही. छातीचे मोठे स्नायू पोसायला लागतात, अंग हलकं ठेवायला लागतं. पाठीमागे कुणी लागणारच नसेल आणि खाणं जमिनीवर पडलेलं असेल, तर उडायचं कशासाठी? पिढ्यान्‌पिढ्या पंख लहान झाले, पाय भक्कम झाले, शरीर वाढलं. सुमारे एक मीटर उंचीचा, मोठ्या आकडेदार चोचीचा, जमिनीवरच घरटं करणारा पक्षी तयार झाला. जुन्या वर्णनांनुसार तो एका वेळी एकच अंडं घालायचा. हे एक अंडं लक्षात ठेवा, आपला सगळा खटला त्याच्यावर उभा आहे.

आता मूर्खपणाची गोष्ट. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी डोडोच्या कवटीचं स्कॅन करून मेंदूच्या आकाराचा अंदाज काढला. शरीराच्या मानानं त्याचा मेंदू आजच्या कबुतरांइतकाच होता. वास घेण्याचा भाग उलट जास्त विकसित होता. म्हणजे अक्कल कमी नव्हती. तो माणसाला भ्यायला नाही, कारण भिण्याचं कारण त्याच्या पूर्वजांनी कधी पाहिलेलंच नव्हतं. दारात आलेल्या अनोळखी माणसाला पाणी विचारणाऱ्याला आपण मूर्ख म्हणत नाही. पण डोडोला म्हटलं गेलं. लिनियसनं १७६६ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं तेसुद्धा 'अजागळ' अशा अर्थाचं. जो मेला त्याच्यावरच मरणाचं खापर फोडायची ही पद्धत आपल्याला इतिहासात इतरत्रही भेटते.

१५९८: पाहुणे आले

या बेटाची माहिती अरबी खलाशांना होती, पोर्तुगीजांचीही जहाजं सोळाव्या शतकात तिथं थांबली. पण वस्ती कुणी केली नाही. सप्टेंबर १५९८ मध्ये डच जहाजं आली. हॉलंडहून मसाल्याच्या बेटांकडे निघालेल्या आठ जहाजांच्या ताफ्याची वादळात फाटाफूट झाली आणि त्यातली पाच इथं पोचली. प्रमुख होता व्हान वारवाइक. त्यानं आपला राजपुत्र मॉरिट्स याचं नाव बेटाला दिलं, तेच मॉरिशस.

महिनोन्‌महिने खारवलेलं मांस आणि किडलेली बिस्किटं खाऊन आलेली ही माणसं. स्कर्व्हीनं हिरड्या सुजलेल्या. त्यांना गोडं पाणी दिसलं, ताडाची झाडं दिसली, कासवं दिसली, आणि हातानं धरता येतील असे पक्षी दिसले. त्यांनी डोडोला नाव दिलं 'वाल्गफोगल', म्हणजे किळसवाणा पक्षी. का? तर जितका जास्त शिजवावा तितका तो चिवट व्हायचा. छातीचं मांस बरं लागायचं, पण कबुतरं आणि पोपट त्यांना जास्त रुचायचे. डोडो या नावाबद्दल दोन मतं आहेत. काहींच्या मते ते डच भाषेतल्या, त्याच्या शेपटीकडच्या पिसांच्या गोंड्यावरून पडलेल्या नावातून आलं. काहींच्या मते वेडा अशा अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून.

तर खाल्ला का? खाल्ला. १६०२ मध्ये एका डच जहाजावरच्या लोकांनी चोवीस-पंचवीस डोडो मारले. एका जेवणाला दोनसुद्धा संपेनात, तेव्हा उरलेलं मांस मिठात घालून ठेवलं. याची नोंद आहे. ऑक्सफर्डमध्ये एका डोडोचं डोकं जपलेलं आहे. २०१८ मध्ये त्याचं स्कॅन केलं तेव्हा डोक्याच्या मागच्या भागात शिशाचे बारीक छर्रे सापडले. तोवर समज असा होता, की हा बहुधा लंडनमध्ये लोकांना दाखवायला ठेवलेला डोडो असावा, आपल्या मरणानं मेलेला. निघालं असं की त्याला मागून गोळी घातली होती. तेव्हा शिकार झाली, यात वाद नाही.

सुरतेतला डोडो

इथं थोडं थांबून आपल्याकडे येऊ, कारण या गोष्टीत हिंदुस्थान आहे आणि तो फार कमी वेळा सांगितला जातो.

मॉरिशस हे युरोपातून पूर्वेकडे जाणाऱ्या वाटेवरचं थांब्याचं ठिकाण. त्यामुळे काही डोडो जिवंत धरून जहाजांवर चढवले गेले. १६२८ मध्ये एका इंग्रजानं इंग्लंडातल्या भावाला पत्र लिहून डोडो पाठवत असल्याचं कळवलं. १६३८ मध्ये लंडनच्या रस्त्यावर एका खोलीत जिवंत डोडो दाखवायला ठेवला होता. १६४७ मध्ये एक डोडो जपानला, नागासाकीच्या डच वखारीत पोचला. आणि पीटर मंडी नावाचा इंग्रज प्रवासी, जो १६२८ ते १६३४ या काळात हिंदुस्थानात होता, त्यानं लिहून ठेवलंय की आपण सुरतेत दोन डोडो पाहिले. हंसाच्या दुप्पट आकाराचे, ना उडता येतं ना पोहता येतं, असं त्यानं वर्णन केलंय. सुरत म्हणजे तीच, जिच्यावर पुढे १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी स्वारी केली.

शिवाय एक चित्र आहे. जहांगीर बादशहाच्या पदरी उस्ताद मन्सूर हा चित्रकार होता. पशुपक्षी काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. साधारण १६२५ च्या सुमाराचं, त्याच्या नावावर सांगितलं जाणारं एक चित्र आज रशियात सेंट पीटर्सबर्गला आहे. त्यात इतर पक्ष्यांच्या मधोमध तपकिरी रंगाचा डोडो उभा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यात अभ्यासकांचं तिकडे लक्ष गेलं. युरोपातल्या चित्रांत डोडो कसा दिसतो? गोलमटोल, मांडे खाऊन सुस्तावलेला. सावेरी या चित्रकाराचं १६२६ चं प्रसिद्ध चित्र तसंच आहे, आणि पाठ्यपुस्तकांत तेच जात राहिलं. मन्सूरच्या चित्रातला डोडो मात्र त्या मानानं सडपातळ आहे. आज हाडांवरून केलेले अंदाजही सांगतात की रानातला डोडो युरोपीय चित्रांतल्याएवढा लठ्ठ नव्हता. त्यामुळे डोडोच्या रंगीत चित्रांपैकी सर्वांत विश्वासार्ह चित्रांमध्ये या मुघल चित्राची गणना होते. लठ्ठ, मठ्ठ डोडो ही युरोपातली प्रतिमा, आणि जसा दिसला तसा काढलेला डोडो आपल्याकडचा. एवढा अभिमान बाळगायला हरकत नाही.

मग मारला कुणी?

आता खटल्याकडे. खलाशांनी खाऊन संपवला, या उत्तरात अडचण काय आहे?

पहिली अडचण माणसांच्या संख्येची. डचांनी १६३८ मध्ये तिथं पहिली कायमची वस्ती केली, ती पंचवीसेक माणसांची. पुढेही ही वस्ती फारशी वाढली नाही. दोन हजार चौरस किलोमीटरचं बेट, त्यावर दाट जंगल, रस्ते नाहीत, आणि मूठभर माणसं किनाऱ्याला. एवढ्या लोकांनी बंदुकीनं आणि दांडक्यानं सगळ्या बेटावरचा पक्षी संपवायचा, हे गणित जुळत नाही.

दुसरी अडचण पुराव्याची. डचांचा किल्ला जिथं होता, तिथं पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केलं. जेवणानंतर फेकलेली हाडं सापडली. पाळीव जनावरांची, हरणांची, कासवांची, माशांची. डोडोचं एकही हाड त्यात नव्हतं. रोज डोडो खात असते तर असं झालं नसतं.

तर मग कोण? जहाजातून माणसं एकटी उतरली नव्हती. उंदीर उतरले, ते बहुधा डचांच्याही आधी. डुकरं आणि शेळ्या तर मुद्दाम सोडल्या. त्या काळची ही रीतच होती. वाटेवरच्या बेटावर डुकरं सोडून द्यायची, ती वाढतील, पुढच्या फेरीला मांस मिळेल. दूरदृष्टीच म्हणायची! आग्नेय आशियातली माकडंही आली. सतराव्या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांतच बेटावर डुकरं, शेळ्या, माकडं, उंदीर दिसल्याच्या नोंदी आहेत. १६३९ मध्ये जावाहून हरणं आणली. त्याच सुमाराला ऊसही आणला. आणि आबनुसाची काळी लाकडं तोडून युरोपला पाठवायला सुरुवात झाली.

आता ते एक अंडं आठवा. जमिनीवर, गवताच्या घरट्यात, उघडं. डुकराला ते वासानं सापडतं. माकड ते उचलतं. उंदीर अंड्याला नाही तर पिलाला गाठतो. थोराड डोडोला यांतलं कुणी सहज मारू शकत नव्हतं. त्याची चोच चांगली बळकट होती आणि तो चावायचा, असंही लिहिलेलं आहे. म्हणजे मोठे पक्षी दिसत होते, फिरत होते. पुढची पिढी मात्र उभीच राहत नव्हती.

मला हे समजायला कोकणातल्या काही गावांचा उपयोग झाला. तुमच्यापैकी अनेकांनी ती बघितली असतील. घरं उभी आहेत, अंगण सारवलेलं आहे, तुळशीला दिवा लागतो, ओसरीवर म्हातारा-म्हातारी बसलेली आहेत. जाता जाता बघणाऱ्याला वाटतं, गाव नांदतंय की. पण शाळेत पट नाही म्हणून शाळा बंद झालेली असते. गावाचं काय होणार हे ओसरीवर दिसत नाही, बंद शाळेच्या दाराशी दिसतं. मॉरिशसमध्ये डोडोची शाळा बंद पडली होती. खलाशांनी मोजलं असतं तरी मोठे पक्षीच मोजले असते.

आणि म्हणून मी म्हणालो, खरं उत्तर जास्त अस्वस्थ करणारं आहे. एखाद्या क्रूर माणसानं, रक्ताला चटावलेल्या टोळीनं हे केलं असतं, तर आपण त्यांना नावं ठेवून मोकळे झालो असतो. इथं तसं नाही. डोडोला संपवायचा हुकूम कुणी दिला नव्हता. हेतू नव्हता. डुकरं सोडणारा माणूस पुढच्या जहाजावरच्या भुकेल्या माणसांचा विचार करत होता. हरणं आणणारा गव्हर्नर वस्तीच्या पोटाचा विचार करत होता. ज्यानं जे केलं ते त्याच्या दृष्टीनं शहाणपणाचंच होतं. या सगळ्या शहाणपणांची बेरीज म्हणजे एका जातीचा अंत.

शेवटची नोंद

कधी संपला? सर्वसाधारणपणे मान्य असलेली शेवटची नोंद १६६२ ची आहे. आर्नहेम नावाचं डच जहाज फुटलं. त्यातले काही लोक मॉरिशसला पोचले, त्यांत फोल्कर्ट एव्हर्ट्‌झ होता. मॉरिशसच्या लगतच्या एका छोट्या बेटावर त्याला डोडो दिसले. मुख्य बेटावर नव्हे, ही गोष्ट महत्त्वाची. ओहोटीला पायी जाता येईल अशा, बहुधा डुकरं-माकडं न पोचलेल्या तुकड्यावर शेवटचे डोडो उरले होते. एव्हर्ट्‌झ सांगतो, एकाला पायाला धरलं की तो ओरडायचा, ते ऐकून बाकीचे धावत त्याच्या मदतीला यायचे आणि तेही पकडले जायचे.

मला डोडोबद्दलचं एकच वाक्य लक्षात ठेवायला सांगितलं, तर मी हे ठेवीन. आपल्यातल्या एकाच्या ओरडण्यावर धावून येणं हा कुठल्याही समाजात गुण मानला जातो. इथं तोच गुण घात करून गेला.

१६६२ म्हणजे शाहिस्तेखान पुण्यात तळ ठोकून होता तो काळ. आपल्याकडे स्वराज्याची जुळवाजुळव चाललेली होती, आणि तिकडे एक पक्षी कायमचा जात होता. काही अभ्यासक यानंतरच्याही, १६८० च्या दशकातल्या नोंदी दाखवतात. २००३ मध्ये एका संख्याशास्त्रीय अभ्यासानं तर १६९० च्या आसपासचं वर्ष काढलं. पण तोपर्यंत एक घोटाळा झाला होता, असं काही तज्ज्ञ म्हणतात. डोडो दिसेनासा झाल्यावर लोकांनी 'डोडो' हे नाव तिथल्याच दुसऱ्या, न उडणाऱ्या तांबड्या पाणकोंबडीला लावायला सुरुवात केली होती. पुढे तीही संपली. म्हणजे नाव उरलं, ते ज्याचं होतं तो गेला, आणि नाव घेणाऱ्यांच्या ते ध्यानातही आलं नाही.

आणि डचांचं काय झालं? १७१० मध्ये त्यांनी बेट कायमचं सोडलं. चक्रीवादळं होती, दुष्काळ होते, आणि आणखी एक कारण सांगितलं जातं: उंदीर. त्यांनी पिकं राहू दिली नाहीत.

विसर आणि शोध

मंडळी, यापुढचा भाग मला सगळ्यांत उद्बोधक वाटतो. डोडो गेला आणि लोक त्याला विसरले. साधे विसरले नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अनेक शहाणे लोक म्हणू लागले की असा पक्षी नव्हताच, ही खलाशांची बात आहे. पुरावे तरी काय होते? काही चित्रं, आणि एकदोन संग्रहालयांत पडलेले तुकडे. ऑक्सफर्डला पूर्ण पेंढा भरलेला एक डोडो होता. १७५५ च्या सुमाराला तो कुजल्यामुळे टाकून देण्यात आला. डोकं आणि एक पाय तेवढे राहिले.

याचं मोठं कारण असं की प्राण्याची अख्खी जात नाहीशी होऊ शकते, ही कल्पनाच माणसाच्या डोक्यात नव्हती. देवानं निर्माण केलेलं असं कसं संपेल? इथं नाही तर आणखी कुठंतरी असेल. १७९६ मध्ये फ्रान्सच्या क्यूव्हिएनं जुन्या हत्तींच्या हाडांवरून दाखवून दिलं, की जाती खरोखर संपतात. म्हणजे डोडो मेला तेव्हा तो 'नामशेष' झाला असं म्हणायची सोयच नव्हती. डचांना दिसलं कसं नाही, या आपल्या प्रश्नाचं एक उत्तर इथं आहे. ज्याला नाव नाही ते डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही.

१८४८ मध्ये स्ट्रिकलंड आणि मेलव्हिल या दोघांनी डोडोवर ग्रंथ लिहिला. तोपर्यंत कुणी त्याला शहामृग म्हणे, कुणी गिधाड. आधी डेन्मार्कच्या राइनहार्टनं सुचवलं होतं की हे कबुतर आहे, आणि या दोघांनी ऑक्सफर्डचं डोकं-पाय तपासून ते सिद्ध केलं. स्ट्रिकलंडनं आणखी एक गोष्ट नमूद केली: माणसाच्या हातून जात नामशेष झाल्याचं हे पहिलं स्पष्ट सिद्ध झालेलं उदाहरण आहे.

मग १८६५ साल उजाडलं. मॉरिशसच्या आग्नेयेला 'मार ओ साँज' नावाची दलदल आहे. जॉर्ज क्लार्क नावाचा शाळामास्तर कित्येक वर्षं डोडोची हाडं शोधत होता. त्याला या दलदलीचा सुगावा लागला. त्यानं मजूर लावले. ते कमरेएवढ्या काळ्या पाण्यात उतरले आणि चिखलात पायांनी चाचपडत हाडं शोधू लागले. अशी सापडली डोडोची हाडं. लंडनला गेली, रिचर्ड ओवेननं त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं, जगभर नाव झालं. त्याच वर्षी 'ॲलिस' हे पुस्तक आलं आणि त्यातला डोडो घराघरांत पोचला.

१८६५ मध्ये मॉरिशसच्या मळ्यांवर मजूर कोण होते? १८३४ पासून करारावर, ज्याला गिरमिट म्हणतात त्यावर, हिंदुस्थानातून मजूर जात होते. एकूण साडेचार लाखांच्या आसपास माणसं गेली. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून. मुंबईहून गेलेल्यांत कोकणातली माणसं होती. आज मॉरिशसमधला जो मराठी समाज आहे तो त्यांचाच वंश. गणेश चतुर्थीला तिथं सार्वजनिक सुट्टी असते. आपली माणसं तिकडे गेली ती ज्या उसासाठी गेली, तोच ऊस डचांनी डोडोच्या काळात बेटावर आणला होता. जंगल पुढे फ्रेंचांनी आणि इंग्रजांनी त्याच उसासाठी साफ केलं. आज मूळचं चांगलं जंगल दोन टक्क्यांच्या आसपास उरलं आहे. पुस्तकांत क्लार्कचं नाव येतं, ओवेनचं येतं. चिखलात पायांनी हाडं शोधणाऱ्यांची नावं येत नाहीत. पक्ष्याचा इतिहास सांगता सांगता माणसांचाही असा काही इतिहास हाताला लागतो.

मॉरिशसचं राजचिन्ह कधी बघा. १९०६ मध्ये ते ठरलं. ढालीच्या एका बाजूला डोडो उभा आहे, दुसऱ्या बाजूला हरीण, आणि दोघांजवळ उसाचं कांड. मेलेला पक्षी, बाहेरून आणलेलं हरीण आणि बाहेरून आणलेला ऊस. तीनशे वर्षांचा इतिहास एका चित्रात.

एक इशारा अभ्यासकांना

एक गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती तुम्ही कुठंतरी वाचलेली असणार. मॉरिशसमध्ये तांबालाकॉक नावाचं झाड आहे. १९७७ मध्ये एका शास्त्रज्ञानं मांडलं की या झाडाची बी डोडोच्या पोटातल्या पेषणीतून दळून निघाल्याशिवाय रुजतच नाही, म्हणून डोडोबरोबर झाडही मरत चाललंय. किती सुंदर गोष्ट! जगभर छापली गेली. पुढच्या अभ्यासकांनी दाखवलं की बी डोडोशिवायही रुजते, आणि डोडो गेल्यानंतर उगवलेली झाडंही आहेत. झाड कमी झालं त्याला माकडं, डुकरं, हरणं, बाहेरच्या वनस्पती अशी कारणं आहेत. गोष्ट सुंदर आहे म्हणून ती खरी असते असं नाही. इतिहासातही आपण हा मोह आवरायला हवा.

पुन्हा आणता येईल?

हा प्रश्न शेवटी येणारच, म्हणून आधीच घेतो. २००२ मध्ये डोडोच्या डीएनएचा अभ्यास झाला. त्याचा आज जिवंत असलेला सर्वांत जवळचा नातेवाईक कोण निघाला? निकोबारी कबूतर. मानेवर लांब पिसांची झालर असलेलं, हिरव्या-तांबूस चमकीचं, आपल्या निकोबार बेटांवरचं देखणं पाखरू. २०२३ मध्ये एका अमेरिकी कंपनीनं डोडो परत आणण्याची घोषणा केली. समजा, डोडोसारखं काही तयार झालंही. पण ते सोडायचं कुठं? डुकरं, माकडं, उंदीर तिथंच आहेत. ज्या कारणानं तो गेला ते कारण तसंच ठेवून त्याला परत बोलावण्यात अर्थ काय?

त्यापेक्षा त्याच मॉरिशसमधली दुसरी गोष्ट मला जास्त धीर देते. तिथला केस्ट्रेल हा छोटा शिकारी पक्षी १९७४ मध्ये रानात फक्त चार उरला होता. गुलाबी कबूतर १९९० च्या सुमाराला दहाच्या आसपास आलं होतं. कार्ल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडी उबवून, पिलं वाढवून, घरट्यांची राखण करून, उंदरांचा बंदोबस्त करून हे पक्षी पुन्हा काही शेकड्यांवर नेले. किनाऱ्याजवळच्या एग्रेत बेटावरून उंदीर हटवले, मूळची झाडं लावली, नामशेष कासवांच्या जागी दुसऱ्या बेटावरची मोठी कासवं आणली. कंटाळवाणं, वर्षानुवर्षांचं, बातमी न होणारं काम. तेच उपयोगी पडलं. त्यांनी राखलं काय, तर अंडं आणि पिल्लू. शाळा चालू ठेवली.

आणि तो नातेवाईक, निकोबारी कबूतर? १५०० सालापासून जगातले जे पक्षी नामशेष झाले, त्यांतले सुमारे नव्वद टक्के बेटांवरचे होते. निकोबार हीही बेटंच. तिथं जमिनीवर मातीचा ढीग करून त्यात अंडी घालणारा मेगापोड पक्षी आहे. २००४ च्या त्सुनामीत त्याची किनाऱ्यावरची घरटी मोठ्या प्रमाणात गेली. ग्रेट निकोबारवर मोठं बंदर, विमानतळ आणि शहर उभं करण्याचा प्रकल्प आहे. त्यासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगलजमीन वापरली जाणार आहे. देशाच्या संरक्षणाची आणि व्यापाराची कारणं त्यामागे सांगितली जातात, ती खोटी आहेत असं मी म्हणणार नाही. डुकरं सोडणाऱ्यांचीही कारणं खोटी नव्हती. पण त्यांच्यात आणि आपल्यात एक फरक आहे. त्यांच्याकडे नामशेष होण्याची कल्पना नव्हती. आपल्याकडे ती आहे, आणि ती आपल्याला डोडोनं दिली. त्यामुळे 'आम्हाला माहीत नव्हतं' हे उत्तर त्यांना चाललं, आपल्याला चालणार नाही.

डोडो कुणी मारला, या प्रश्नाचं माझं उत्तर इतकंच आहे. ज्यांनी मारला, त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही की आपण मारतोय.